पंचामृतातला सेन्सर

मोटारीलाही नाक असते, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षे माहीत नव्हते. आता चांगलेच माहीत आहे, कारण तीच नाके साफ करून माझे घर चालते.

उद्यमनगरात शिवादादांचे गॅरेज आहे. पुढे गाड्यांचे काम, मागे दादांचे राहते घर आणि दोन्हींच्या मध्ये, खिडकीखाली, माझे टेबल. ही जागा मला फार सोयीची पडते. पुढून गिऱ्हाईक येते, त्याच्याशी दादा बोलतात. मागून चहा येतो, तो दादांच्या आई आणतात. त्यांना आम्ही सगळे काकी म्हणतो. मला सहसा कुणाशी बोलावे लागत नाही. दिवाळी अंकांत माणसे आपापल्या नोकरीविषयी लिहितात, पोस्टमन, नर्स, कंडक्टर, ते मी आवडीने वाचते. माझ्या कामावर कुणी लिहिलेले अजून दिसले नाही, म्हणून लिहून बघते आहे. छापायला नाही, आपले आपल्यापाशी.

तर नाकाविषयी. इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र जळतात आणि धूर सायलेन्सरच्या नळीतून बाहेर जातो. त्या नळीवर अंगठ्याएवढा एक तुकडा आट्यांनी घट्ट बसवलेला असतो. तो ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो हुंगतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. आमटी उकळताना आपण पळीभर चाखतो आणि मग मीठ टाकायचे की पाणी ते ठरवतो, तसे कॉम्प्युटर त्या बातमीवरून पेट्रोल कमीजास्त करतो. नाक चोंदले की बातमी चुकते. मग गाडी भसाभसा पेट्रोल पिते, काळा धूर सोडते, चढाला दम टाकते, आणि चालवणाऱ्यासमोर एक पिवळा दिवा लागतो तो काही केल्या जात नाही.

माझे माहेर हुपरीचे. लहानपणापासून पैंजणांना उजळा देण्यात हात मुरलेला. घासायचे, पण ओरखडा उठू द्यायचा नाही, हेच त्या कामाचे सगळे शिक्षण. मी काकींकडे भांड्यांना यायचे तेव्हा त्यांनीच एक दिवस दादांना सांगितले, "ह्या शालनच्या हातानं चांदी दुखावत न्हाय. ते तुझं बारीक सामान हिला दे." तेव्हापासून मी टेबलाशी बसले ती बसलेच.

काम असे चालते. जुना सेन्सर आला की आधी त्याचा शेंडा बघायचा. शेंड्यावर बारीक भोकांची लोखंडी टोपी असते आणि टोपीच्या आत चिनीमातीचे बोट. कोरडी काजळी असेल तर आशा आहे, ती निघते. तेलकट काळे असेल तर आजार इंजिनात आहे, नाक धुऊन उपयोग नाही. आणि पांढुरकी, राखेसारखी साय धरली असेल तर तो गेला. कुणीतरी सांधा बुजवायची पेस्ट सढळ हाताने लावलेली असते, तिची वाफ जाऊन बसते. चांगल्यातला चांगला सेन्सर एवढ्याने मरतो, याचे मला अजून वाईट वाटते. जो जगण्यासारखा असेल तो पेट्रोलमध्ये भिजवायचा, मऊ ब्रशने हलवायचा, वाळवायचा, मग शेंडा गॅसच्या ज्योतीत धरायचा आणि वायरींना मीटर लावायचा. ज्योतीत आकडा झटकन वर गेला आणि बाहेर काढताच झटकन खाली आला, तर नाक जागे आहे. रेंगाळला तर म्हातारा झाला. तारेचा ब्रश कधीही लावायचा नाही.

मेलेले सेन्सर मी डब्यात टाकते. आतल्या चिनीमातीवर प्लॅटिनमचा पातळ थर असतो, म्हणून एक व्यापारी ते पोत्याने घेऊन जातो आणि पुढे कुठे तरी ते प्लॅटिनम वेगळे काढतात. एवढे प्लॅटिनम हाताळलेली बाई उद्यमनगरात दुसरी नसेल. दिसले मात्र मला अजून एकदाही नाही.

गिऱ्हाइके एकेक भेटतात. राधानगरीकडचे एक दूधवाले त्यांची छोटी गाडी घेऊन आले. सेन्सर नवा होता, तरी दिवा लागलेला. दादांनी गाडीखाली वाकून बघितले तर सेन्सरच्या वायरीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, वरून चिकटपट्टी, आणि वर मेणबत्तीचे मेण ओतलेले.

"पावणं, ह्ये काय केलंयसा?"

"पाऊस हाय की वो आमच्याकडं! आमच्यात कोंबडी सुद्धा छत्री घिऊन भाईर पडती."

"आवो, पण ह्यो वायरीतनं श्वास घेतोय."

"वायरीतनं? मग तोंडाला काय झालंय त्याच्या?"

दादांनी त्यांना माझ्याकडे पाठवले, कारण वायर सोडवायचे काम माझे. मला बोलावे लागले. मी सांगितले की या सेन्सरला एका बाजूने धूर लागतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हींतला फरक बघूनच तो सांगतो. ती बाहेरची हवा वायरीच्या आतल्या फटीतून जाते. ऐकून ते मटकन स्टुलावर बसले. "म्हंजे मी त्याचा गळाच दाबला की वो वैनी!" मेण काढले, पिशवी काढली, आणि गाडी सरळ चालू लागली. आता म्हैस व्याली की ते खरवस घेऊन येतात आणि दारातूनच ओरडतात, "आमचा पेशंट बरा हाय बरं का!"

पण मला लिहायचे आहे ते चंपाक्कांविषयी.

चंपाक्का शिरोळकडच्या. घरची उसाची शेती. नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हा पन्नाशीनंतर या बाई गाडी शिकल्या. जुनी लाल, चार माणसांची गाडी. ती घेऊन त्या मळ्यात जायच्या, बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जायच्या, नवऱ्याला दवाखान्यात न्यायच्या आणि मनात आले की सांगलीला बहिणीकडे. गेल्या वर्षी गाडीचा सेन्सर गेला. त्या गाडीचे सामान आता येत नाही. बाजारात मिळणारा नकली बसवला, तो महिन्यात मेला. दुसरा बसवला, तोही मेला. गाडी चौकात बंद पडू लागली आणि पीयूसी काही होईना. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर सांगितले, दसऱ्याला येतो, बरोबर गिऱ्हाईकही आणतो, विकून टाकू. तुला कुठे जायचे तर रिक्षा सांगत जा.

"आणि तवर पीयूसी झाली तर?" चंपाक्कांनी विचारले.

"झाली तर बघू की," तो म्हणाला. होणार नाही याची त्याला खात्री होती.

चंपाक्का दादांशी बोलल्या आणि मग सरळ आत येऊन माझ्या टेबलाशी बसल्या. असे कुणी करत नाही. त्या मला तंगी म्हणतात. त्यांच्या माहेरच्या कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

"तंगी, ही गाडी गेली तर मी परत दुसऱ्याला 'न्हेतोस काय, सोडतोस काय' म्हणून इचारत बसणार. चाळीस वर्सं त्येच इचारलंय मी. आता न्हाय इचारायचं मला."

मी मान हलवली. त्या दिवसापासून भंगारातून आलेल्या प्रत्येक पोत्यात मी एकच सेन्सर शोधत होते. तो सापडला पुरात बुडून भंगारात गेलेल्या गाड्यांच्या सामानात. त्याच गाडीचा, कारखान्यातून आलेला अस्सल, पण भोकाभोकात नदीचा गाळ. धुतला, भिजवला, वाळवला, पुन्हा धुतला. शेवटी ज्योतीत धरला तेव्हा मीटरचा आकडा असा उडाला की मला एकटीलाच हसू आले. लाकडी फळीला भोके पाडून त्यात मी तयार सेन्सर शेंडा वर करून उभे ठेवते. त्या रांगेत हा पहिला ठेवला आणि चंपाक्कांना निरोप गेला, खंडेनवमीला दुपारी गाडी घेऊन या.

खंडेनवमीला उद्यमनगरात मशिनी थांबतात. हत्यारे धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुले, नारळ. एकदा पूजेत ठेवलेले हत्यार दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत उचलायचे नाही. सकाळी मी कळंब्याला घरची पूजा आवरली आणि दुपारी गॅरेजवर आले. गॅरेजची पूजा दरवर्षी संध्याकाळी असते, यंदा काकींनी ती सकाळीच उरकलेली. दादांचे पाने, पकडी, जॅक, सगळे पाटावर फुलांखाली. माझा मीटरसुद्धा. आणि माझ्या टेबलावर मुंग्यांची रांग. रांग थेट फळीवर चढत होती.

"काकी, ह्येच्यावर काय वतलंयसा?"

"पंचामृत," काकी म्हणाल्या. "दूध, दही, तूप, मध, साखर. काय कमी न्हाय क्येलं."

"पण का वो?"

"का म्हंजे? एवढ्या पिंड्या वळीनं मांडल्यास, मला वाटलं पुजेसाठीच मांडल्यास. वर भोकं बी हायती. म्हटलं, अभिषेक आतपातुर जाईल."

खरे सांगायचे तर तो दिसतो पिंडीसारखाच. खाली षटकोनी बैठक, वर गोल शेंडा. मला इतकी वर्षे कसे दिसले नाही कोण जाणे.

बाकीचे थांबू शकत होते. पहिला थांबू शकत नव्हता. तेवढ्यात धुराचा लोट सोडत, खोकत खोकत लाल गाडी दारात आली. चंपाक्का आत आल्या, त्यांनी मुंग्या बघितल्या, काकींचा पडलेला चेहरा बघितला आणि मोठ्याने हसल्या.

"घ्या! गाडीच्या आधी सेन्सरनंच उपास सोडला की!"

हसता हसता त्या उंबऱ्यावर बसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. हसण्याचे पाणी वेगळे दिसते. हे तसे नव्हते.

"उद्या सकाळी पूजा हलवतो आणि पहिलं तुमचंच काम धरतो," दादा म्हणाले.

"उद्या सकाळी पोरगं आणि गिऱ्हाईक दारात हायती माझ्या. आणि दसऱ्याला पीयूसी कोण करून देणार, शिवा? आणि मला दिवस मावळायच्या आत घरला पोचून जेवायचं बी हाय."

दादा पाटावरच्या पकडीकडे बघत होते आणि काकी दादांकडे.

"बघू नगंस तिकडं," काकी म्हणाल्या. "हत्यार उचलायचं न्हाय म्हंजे न्हाय. पण सेन्सर काय हत्यार न्हाय. मी घाण केलीया, मीच काढतो. शालन, त्याला आण माझ्या सैपाकघरात."

आम्ही तिघी आत गेलो. दादा दाराशी उभे राहिले. कोमट पाण्यात बुडवून साखर आणि मध निघाला. तूप निघेना. पेट्रोल होते, पण काकींच्या गॅसशेजारी ते आणायची माझी हिंमत नव्हती. मग हुपरी आठवली. तिथे चांदीला रिठ्याचे पाणी लावतात. रिठे काकींकडे होते, केसांसाठी. उकळले, फेस आणला आणि त्यात तो शेंडा हलवत राहिले. पाण्यावर तुपाचे डोळे तरंगले तेव्हा काकींनी देवाकडे बघून हात जोडले.

आता वाळवणे. इथे घाई चालत नाही. ओल्याला आच लागली तर आतली चिनीमाती तडकते आणि मग तो कुणाचाच राहत नाही. भाकरीच्या तव्यावर कडेला ठेवला, वायरी बाहेर सोडल्या, गॅस अगदी बारीक.

"फुलव की जरा," काकी म्हणाल्या.

"न्हाय."

"अगं, भाकरी सुद्धा एवढ्या वेळात कोळसा हुईल!"

"काकी, न्हाय म्हटलं की."

मी काकींना असे आजवर कधी बोलले नव्हते. चंपाक्का खिडकीतून उन्हाकडे बघत होत्या. ऊन समोरच्या पत्र्यावरून खाली उतरले होते.

वाळला. आता ज्योत आणि मीटर. ज्योत काकींच्या शेगडीची, पकडीच्या जागी काकींची सांडशी. मीटर मात्र पूजेत. दादा आणि काकींचा तिथे वादच झाला.

"मीटर हत्यार हाय, आई."

"त्यानं काय कापतंय?"

"न्हाय."

"ठोकतंय?"

"न्हाय."

"फिरवतंय, पिळतंय?"

"न्हाय गं. नुसतं खरं काय ते सांगतंय."

"मग त्यो साक्षीदार झाला. साक्षीदाराला कुणी पाटावर बसवून ठेवतंय व्हय? आण त्याला!"

दादांनी मीटरला नमस्कार केला, त्याच्यावरचे झेंडूचे फूल बाजूला ठेवले आणि तो आणला. काळी आणि करडी वायर जोडली. सांडशीने सेन्सर धरून मी शेंडा निळ्या ज्योतीत नेला. आधी थोडा धूर आला आणि घरभर काकवीचा वास सुटला. गुऱ्हाळात उभे राहिल्यासारखे वाटले. मीटर शून्यावर. शेंडा लाल होऊ लागला, तरी शून्यावर.

"मेला का गं?" चंपाक्कांनी हळूच विचारले.

उरलीसुरली साखर आत जळत असणार, तिला वेळ द्यायला हवा होता. हात भाजत होता, पण हलवला नाही. वास कमी होत गेला. मग आकडा एकदा थरथरला. पुन्हा थरथरला. आणि एकदम वर गेला. मी शेंडा ज्योतीबाहेर काढला. झटकन खाली. आत नेला, वर. बाहेर काढला, खाली.

"हुंगाय लागला!" मी ओरडले. काकी पुढे चार दिवस सगळ्यांना सांगत होत्या की शालनला आवाज आहे.

बसवायला पाना हवा, आणि पाने सगळे पूजेत. तेव्हा चंपाक्का उठल्या, डिकी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेला पाना काढून दादांच्या हातात दिला. वर्षभर ते नकली सेन्सर काढघाल करून त्यांनी स्वतःचाच घेतला होता.

"आमच्याकडं गाडीची पुजा उद्या. ह्यो अजून मोकळा हाय. घ्या."

सेन्सर बसला. दादांनी गाडीच्या कॉम्प्युटरला मोबाइल जोडून दिव्याची जुनी तक्रार पुसली आणि दोघे गाडी घेऊन चक्कर मारून पीयूसीला गेले. मी टेबलावरच्या मुंग्या झाडत बसले. काकी दारात. बऱ्याच वेळाने हॉर्न ऐकू आला, एकसारखा, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा. चंपाक्का एका हाताने गाडी चालवत होत्या आणि दुसऱ्या हाताने खिडकीबाहेर कागद फडकवत होत्या. शेजारी दादा दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. चंपाक्का उतरल्याही नाहीत. दिवस मावळायच्या आत घर गाठायचे होते.

दसऱ्याला दुपारी मी काकींना सोने द्यायला गेले होते, तेव्हा लाल गाडी पुन्हा आली. चालवत चंपाक्का, शेजारी त्यांचा मुलगा. मुलगा भला माणूस दिसला, जरा कावलेला.

"काय झालं वो?" काकींनी आधी तेच विचारले. चहासुद्धा नंतर.

चंपाक्कांनी सांगितले. सकाळी गिऱ्हाईक आले. गाडी बघायची म्हणाले. चंपाक्कांनी स्वतः त्यांना शेजारी बसवून नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणले. गाडी लोण्यासारखी चालली. दिवा नाही, धूर नाही, वर पीयूसी. परत आल्यावर ते गिऱ्हाईक गाडीवर असे खूश झाले की ठरल्यापेक्षा जास्त द्यायला तयार झाले.

"आरं देवा," काकी म्हणाल्या. "म्हंजे दुरुस्त केली ते वाइटच झालं की!"

"तसंच झालतं. ह्यो माझा पोरगा बी लगेच पघळला. म्हटला, आई, एवढं कोण देणार? मग मी काय केलं? किल्ली काढली, कमरंला खोचली आणि म्हटलं, पावणं, च्या घ्या, गाडी विकायची असती तर दुरुस्त कशाला केली असती?"

"मग?"

"मग काय, त्यानं च्या घेतला."

मुलगा हसू दाबत म्हणाला, "आता मला म्हणाय लागलीय, पुण्याला जाताना एसटी कशाला, मीच सोडतो."

सोने वाटून झाले. जाताना तो माझ्या टेबलाशी आला आणि त्याने विचारले, हा सेन्सर किती दिवस टिकेल. मी खरे ते सांगितले. पुरातून आलेला, पंचामृत प्यालेला. वर्ष टिकेल, दोन टिकेल, सांगता येत नाही. त्याचा चेहरा जरा उतरला, पण चंपाक्का मागे उभ्या होत्या.

"तेवढं बास. तवर माझी तंगी दुसरा शोधती की."

शोधते. अजूनही भंगाराचे पोते आले की बाकी सगळ्याच्या आधी माझा हात त्याच सेन्सरसाठी आत जातो. दोन मिळाले आहेत. दोन्ही धुतले, ज्योतीत बघितले, अगदी ताजे आहेत. फळीवर नाही, काकींच्या नजरेआड पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. चंपाक्कांना मात्र अजून सांगितलेले नाही. कळले तर त्या गोव्याला निघतील.